एक हात खाली

१

काळवीट मरून पडला होता आणि संपत त्याच्याजवळ उभा होता. जांभूळझिरीच्या माणसांना एवढं बस होतं.

दिवस नुकताच वर आला होता. बद्रीनाथच्या हरभऱ्यावरचं दव अजून वाळलं नव्हतं. बांधाला लागून तो नर आडवा पडला होता, पीळदार शिंगं मातीत रुतलेली. गावची पोलीस पाटील कांताबाई पदर खोचून बांधावरून आली, तोवर भोवती चाळीस-पन्नास माणसं जमली होती.

"दोन गोळ्या झडल्या," बद्रीनाथ ज्याला त्याला सांगत होता. "एक, अन् जरा दमानं दुसरी. मी पळत आलो तर हा बाबा इथं उभा!"

कांताबाई वाकून बघू लागली. एक गोळी छातीत लागली होती. दुसरीनं पुढचा पाय गुडघ्याखाली मोडला होता. पाय आधी मोडला असणार, कारण ढेकळांत फरफटत गेल्याची खूण होती आणि तिच्या टोकाला रक्ताचं थारोळं. बांधापासून पन्नास मीटरवर डुकरांसाठी बांधलेलं मचान होतं. त्याच्या बुडाशी संपतची रायफल टेकवून ठेवलेली, शेजारी दोन रिकामी काडतुसं. मचानामागून मोसंबीची बाग सुरू होत होती आणि बागेच्या पार पलीकडच्या टोकाला, बांधापासून दोनशेएक मीटरवर, गावातल्या मातब्बर काकासाहेबांचा आखाडा, म्हणजे शेतातला वाडा, होता. त्याची पांढरी गच्ची झाडांच्या वर दिसत होती.

संपत लष्करातून हवालदार म्हणून परत आलेला. रानडुकरं मारायला वन खात्यानं ज्यांना परवाना दिला होता त्यांत त्याचं नाव होतं. काकासाहेबांच्या मक्यात डुकरं शिरली म्हणून त्यांनी त्याला बोलावलं होतं. परवानगी फक्त डुकराची होती. काळवीट मारणं म्हणजे सात वर्षांपर्यंत जेल.

वन खात्याच्या सुरेखा मॅडम जीपमधून उतरल्या. सगळं बघून झाल्यावर त्यांनी कांताबाईला बाजूला घेतलं.

"झुंजूमुंजूला डुक्कर समजून मारलं असेल मचानावरून. पण गुन्हा तो गुन्हाच. तुमचे नातलग लागतात ना?"

"चुलत दीर."

"पंचनाम्यावर पोलीस पाटील म्हणून तुमची सही लागेल. दुपारनंतर मी त्यांना घेऊन जाते."

कांताबाईनं मान हलवली. सही केली तर घरचा माणूस जेलात. नाही केली तर बाई आपल्या माणसाला पाठीशी घालते म्हणून गाव बोंबलणार, पद जाणार, आणि एवढं होऊन संपत सुटणार तर नाहीच. दोन्हीकडून फास होता आणि दोरी तिच्याच हातात दिलेली होती.

वनरक्षक मच्छिंद्रनं संपतला दंडाला धरलं. जाता जाता संपत तिच्याजवळ थांबला.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "सही करून टाका."

२

ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत त्याला बसवलं होतं. खोलीला एकच खिडकी, आणि खिडकीच्या गजांना बाहेरून तोंडं चिकटलेली. कांताबाईनं खिडकी लावून घेतली. मग आत हवाच राहिली नाही.

"तुम्ही मारला?"

"न्हाई."

"मंग सही करा कशापायी म्हणता?"

"तुम्ही कशाला माझ्यापायी गावाशी वैर घेता?"

"रात्री तुम्ही कुठं होता?"

"डुकरं आली न्हाई. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत झोपलो. गोळी ऐकली अन् बांधाकडं पळालो."

"अन् बंदूक कुठं होती?"

संपत भिंतीकडं बघत बसला. तिनं परत विचारलं.

"फौजेत मुकं बसायचं शिकवलं का तुम्हाला?" कांताबाई चिडली. "बसा मंग. लोक तर म्हणून राह्यले, संपत हवालदार नावाचाच. पन्नास मीटरवर काळवीट, अन् गोळी लागली पायाला!"

संपतनं मान गरकन वळवली. बंदूक कुठं होती विचारल्यावर जो बोलला नाही, तो आता बोलला.

"पायाला? त्या बंदुकीनं पन्नासवर मी चिलटाचा डोळा फोडीन, वहिनी. ती पन्नासवरच लावलेली आहे."

"लावलेली म्हणजे?"

त्यानं दोन्ही हात पुढं धरले, एकावर एक. "ही दुर्बीण वर, ही नळी खाली. दुर्बिणीतली नजर जाती सरळ. गोळी काही सरळ जात न्हाई, फेकलेल्या दगडासारखी खाली वाकत जाती. मंग नजरेची अन् गोळीची गाठ कुठं घालायची, ते अंतर आधी ठरवावं लागतं. दुर्बिणीवरचा पेच फिरवून तेवढ्यावर बसवायचं. डुक्कर मक्यातून निघतं ते मचानापासून चाळीस-पन्नासवर. म्हणून मी गाठ पन्नासवर घातली."

"अन् त्याच बंदुकीनं लांबचं मारलं तर?"

"दोनशेवर मारलं तर गोळी एक हात खाली जाईल. हा एवढा हात." त्यानं कोपरापासून बोटांपर्यंत दाखवलं.

कांताबाई त्याच्या हाताकडं बघत राहिली. काळविटाचा खांदा तिच्या डोळ्यांपुढं आला. त्या खांद्यावर नेम धरायचा आणि तिथून एक हात खाली यायचं. बरोब्बर गुडघ्याखालचं हाड.

ती उठली आणि तडक काकासाहेबांच्या आखाड्यावर गेली. ओट्यावर चढल्या चढल्या तिनं एकच गोष्ट विचारली : संपतची बंदूक किती अंतरावर लावलेली आहे?

"दोनशे," काकासाहेब म्हणाले. "माझ्या डोळ्यांदेखत लावली. का?"

३

काकासाहेब साठीच्या पुढचे. गावात त्यांचा शब्द खाली पडत नसे. त्यांच्या आजानं निजामाच्या राज्यात मारलेल्या जनावरांची शिंगं अजून बैठकीत टांगलेली होती. गेल्या वर्षीपासून मात्र त्यांचा उजवा खांदा आखडला होता. कांताबाई आली तेव्हा त्यांचा मुलगा कल्याण त्यांचा हात धरून सदऱ्याच्या बाहीत घालत होता. हात छातीच्या वर जात नव्हता. कल्याणनं गुंड्या लावल्या, कॉलर सारखी केली आणि मग तो भिंतीला टेकून उभा राहिला.

"तुमची कळ कळती मला, कांताबाई," काकासाहेब म्हणाले. "पण माणूस तुमचा चुकला. मी त्याला रोही मारायला सांगत होतो, नीलगाय! तीपण परवानगी आल्यावर. रोही मोकळ्या रानात उभी राहती, दोनशेवर लाव म्हणलं. तो ऐकंना. दगडाच्या खदानीवर नेम लावायला गेल्तो तेव्हा तासभर हुज्जत घातली त्यानं."

"मंग?"

"मंग काय! लावली शेवटी दोनशेवर. आमच्यापुढं किती दिवस ताणणार?"

"कल्याणराव, तुम्ही होता खदानीवर?"

"न्हाई, मावशी. मी त्या दिवशी जालन्याला होतो," कल्याण म्हणाला. "दोनशेवर लावली, एवढं आबांनी सांगितलं. मी त्या बंदुकीला हातपण लावला न्हाई."

"तुम्हीबी शहरातल्या क्लबात बंदूक मारता म्हणं."

"कागदावर मारतो. कागदाला पाय नसतात." तो हसला. पण हसताना त्यानं बापाकडं पाहिलं, तिच्याकडं नाही.

काकासाहेबांच्या बायकोनं, झुंबरबाईनं, चहा आणला. कांताबाईनं उभ्यानंच पिला.

तिथून ती बद्रीनाथकडं गेली. बद्रीनाथचा आणि काकासाहेबांच्या घराचा बांधावरून उभा दावा होता. आपसात बोलणं सुद्धा बंद. हरणांनी हरभरा खाल्ला तेव्हा "एकेकाला आडवा करतो" असं पारावर बोललेलाही तोच.

"मी बोललो, बराबर आहे," बद्रीनाथ म्हणाला. "पण माझ्याकडं गोफण आहे, बाई. गोफणीनं काळवीट मरत असता तर मी कवाच जेलात असतो."

"तुम्ही होता का खदानीवर?"

"होतो की. संपतला नेमाचा पुठ्ठा लावायला माणूस लागल म्हणून गेल्तो. काकासाहेब तिकडं जीपमधून हुकूम सोडून राह्यले, मी इकडं पुठ्ठ्यापाशी दगडाआड. पन्नासवर तीन गोळ्या मारल्या त्यानं. तिन्ही भोकं एका रुपयाखाली झाकली."

"अन् दोनशेवर?"

"दोनशेवर? दोनशेवर एकबी न्हाई मारली."

"बिलकुल न्हाई?"

"पुठ्ठा मीच लावत होतो, बाई. न मारता नेम कुठं लागत असतो का?"

दोघांपैकी एक जण खोटं बोलत होता. काकासाहेबांना खोटं म्हणायचं, तर त्यांच्याच गावात राहून म्हणायचं होतं.

४

ग्रामपंचायतीपुढं जीप उभी होती. ड्रायव्हर हवा तपासत होता. सुरेखा मॅडमनी घड्याळ दाखवलं.

कांताबाई खोलीत शिरली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

"भाऊजी, काकासाहेब म्हणतात दोनशे. तुम्ही म्हणता पन्नास. ते खोटं बोलून राह्यले का?"

संपतनं मान खाली घातली.

"काकासाहेब खोटं न्हाई बोलले, वहिनी. मी बोललो."

मग एकेक शब्द ओढून काढावा तसं त्यानं सांगितलं. दोनशेवर लावून डुक्कर मारलं की जवळ गोळी वीतभर वर जाते. जनावर जखमी होऊन पळतं, मग ते माणसावर येतं. हे तो काकासाहेबांना सांगत राहिला आणि ते दोनशेचं टुमणं सोडीनात. शेवटी त्यानं दुर्बिणीवरच्या पेचाची टोपी काढली, पेचाच्या खाचेत नाणं नुसतंच टेकवून फिरवल्यासारखं केलं आणि टोपी परत लावली. 'झालं, काकासाहेब, दोनशे,' म्हणाला. काकासाहेब खूश होऊन घरी गेले.

"अन् रात्री बंदूक कुठं होती?"

"त्यांच्या आखाड्यात. लोखंडी कपाटात, काडतुसांसकट."

"तुमची बंदूक त्यांच्या कपाटात?"

"जो बोलावतो त्याच्या घरात ठेवायची, हा इथला रिवाज आहे. न्हाई म्हणलं की मालकाला वाटतं, याचा आपल्यावर भरवसा न्हाई. चावी खिळ्याला असती. पण लायसनमध्ये लिहिलंय, बंदूक दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची न्हाई. ते बोललो की लायसन गेलं. न्हाई बोललो तर जेल. मी सकाळपासून हेच घोळून राह्यलो."

कांताबाई खाली बसली. तिला आता सगळं दिसत होतं, आणि दिसून काही उपयोग नव्हता. बंदूक पन्नासची आहे हे संपतला आणि बद्रीनाथला ठाऊक होतं. त्यांच्यातल्या कोणी लांबून मारलं असतं तर आधीच नेम वर धरला असता आणि जवळून मारलं असतं तर गोळी खांद्यातच बसली असती. पाय मोडला तो बंदूक दोनशेची समजणाऱ्याच्या हातून. असे दोघंच होते. त्यांतल्या एकाचा हात छातीच्या वर जात नव्हता.

पण हे मॅडमला सांगायचं कशाच्या जोरावर? मी खोटं बोललो, हे संपत सांगणार आणि ते खरं धरा, हे त्याची वहिनी सांगणार. काकासाहेब नुसतं हसले तरी संपलं.

कल्याणनं स्वतःच्या तोंडानं सांगायला हवं होतं. तो कशाला सांगेल?

तिला बाहीत हात घालणारा कल्याण आठवला. ती एकदम उठली. जे मनात आलं ते तिचं तिलाच आवडलं नाही.

५

"एक सांगतो पन्नास, एक सांगतो दोनशे," ती सुरेखा मॅडमला बाजूला घेऊन म्हणाली. "पंचनाम्यात काय लिहू? एक गोळी मारून बघा. मंग मी मुकाट सही करते."

मॅडमनी परत घड्याळ पाहिलं. "एकच गोळी," त्या म्हणाल्या.

सगळं गाव खदानीवर लोटलं. दोनशे मीटरवरच्या दगडावर बद्रीनाथनं एक मडकं ठेवलं. मच्छिंद्र पोत्यावर रायफल टेकवून पालथा पडला. संपतला जीपपाशी उभं केलं होतं. कांताबाईनं काकासाहेबांना मुद्दाम पुढं बोलावलं आणि चारचौघांत ऐकू जाईल असं विचारलं, "काकासाहेब, तुम्ही जाणते. नेम कुठं धरायचा?"

"कुठं म्हणजे? सरळ मडक्यावर!"

"लागल?"

"लागल म्हणजे? माझ्यासमोर लावलेली बंदूक आहे. मडकं फुटलं न्हाई तर या गावात काकासाहेब म्हणून मला हाक मारू नका!"

पोरं शिट्ट्या वाजवू लागली. मागून कोणी तरी ओरडलं, "मंग काय म्हणायचं, ते आत्ताच ठरवा!" लोक हसले. कधी नव्हे ते काकासाहेबांवर हसले. म्हाताऱ्याचा चेहरा तांबडा झाला आणि तो आपला न उठणारा हात दुसऱ्या हातानं दाबून धरून ताठ उभा राहिला.

कांताबाईला त्यांच्याकडं बघवेना. ती मच्छिंद्रच्या उजव्या अंगाला जाऊन उभी राहिली. कल्याण गप्प बसला तर मडकं फुटणार नाही, बंदूक पन्नासची निघेल आणि म्हाताऱ्याची फुकट अब्रू जाईल. मग संपतसाठी तिच्याजवळ काहीच शिल्लक राहणार नव्हतं.

मच्छिंद्रनं बोट घोड्यावर ठेवलं. श्वास सोडला.

कल्याण गर्दीतून पुढं आला. बुटाची नाडी बांधायला वाकावं तसा तो मच्छिंद्रच्या कानाशी वाकला आणि ओठ न हलवता काही तरी पुटपुटला.

"थांब, मच्छिंद्र," कांताबाई म्हणाली. "काय सांगितलं यानं तुला?"

मच्छिंद्रनं भाबडेपणानं वर पाहिलं. "सरळ नको, म्हणाले. एक हात वर धर."

६

शिट्ट्या थांबल्या.

"एक हात वर?" काकासाहेब म्हणाले. "कशापायी? कल्याण, मी दोनशे म्हणालो ना तुला?"

"अंदाजानं बोललो, आबा. क्लबात सवय असती."

"कसला अंदाज?" कांताबाईचा आवाज चढला नाही. "सकाळी तुम्ही मला म्हणालात, दोनशेवर लावलीय, आबांनी सांगितलं. हातपण लावला न्हाई. मंग दोनशेच्या बंदुकीला दोनशेवर हातभर वर धरायचं कोणी सांगितलं? संपतनं तर तुमच्या वडलांना दोनशेच सांगितलं होतं, खोटंच. बद्रीनाथ तुमच्या घरातल्या माणसाशी बोलत न्हाई. पन्नासचं ठाऊक असणारा तिसरा कोणी न्हाई." ती मच्छिंद्रकडं वळली. "मार रे. एक हात वर धरून मार."

बार झाला. दगडावरच्या मडक्याच्या ठिकऱ्या उडाल्या.

कोणी टाळी वाजवली नाही.

"ही बंदूक किती खाली मारती, ते तिच्यातून गोळी झाडल्याशिवाय कळत न्हाई," कांताबाई म्हणाली. "पहिली गोळी काळविटाच्या पायात गेली, तेव्हा कळलं. दुसरी वर धरून मारली. आखाड्याच्या गच्चीवरून मारली अन् बागेतून येऊन बंदूक अन् रिकामी काडतुसं मचानापाशी ठेवली, तोवर सगळी माणसं बांधाकडं धावलेली."

काकासाहेब मुलापुढं जाऊन उभे राहिले. "तुला कसं माहीत, एवढंच सांग. दुसरं काही सांगू नको."

कल्याण तिथंच खाली बसला.

"एकच मारायचा होता, आबा," तो मातीकडं बघत म्हणाला. "लहानपणापासून बैठकीतली शिंगं बघत आलो. कपाटाची चावी समोरच होती. पाय मोडला अन् तो तीन पायांवर उभाच राहिला, पडेनाच. मंग दुसरी मारावी लागली. खाली आलो तर माणसं पळताना दिसली. घाबरलो."

मॅडमनी मच्छिंद्रला खूण केली. कल्याण स्वतःच उठून जीपमध्ये बसला. संपतकडं वळून त्या म्हणाल्या, "तुम्ही घरी जा. पण बंदूक दुसऱ्याच्या कपाटात ठेवलीत, त्याची चौकशी होईल. परवान्याचं मी आत्ता काही सांगू शकत नाही."

"होय, मॅडम," संपत म्हणाला.

कांताबाईनं जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून नवा पंचनामा लिहिला आणि खाली सही केली. जीप निघाली. धूळ खाली बसेपर्यंत गर्दी पांगली. काकासाहेबांजवळून जाताना माणसं दुसरीकडं बघत होती.

"संपत," काकासाहेब म्हणाले, "तू मला दोनशे म्हणाल्तास."

"म्हणाल्तो."

"पन्नासच ठेवायची होती तर तोंडावर सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं, काकासाहेब. तीनदा सांगितलं. चौथ्यांदा 'हो' म्हणालो."

काकासाहेबांना घेऊन आलेला मोटारसायकलवाला केव्हाच निघून गेला होता. ते रस्त्याच्या कडेला तसेच उभे राहिले. कांताबाईनं संपतला गावाकडं पाठवलं आणि ती त्यांच्याजवळ आली.

"चला. मी येते संगं."

"तुम्ही कशाला? तुमचं काम झालं."

"झुंबरबाईंना सांगायचं राह्यलं. पोरं फटफटीवर गेलीत. त्यांच्या तोंडून कळण्याआधी तुम्ही सांगा. न्हाई जमलं तर मी सांगते."

म्हाताऱ्यानं आखाड्याच्या दिशेनं पाहिलं. बागेतून आडवाट होती.

"जल्दी चला मंग," ते म्हणाले आणि चालू लागले.